वैद्यकीय संशोधन अनुदान, मुंबईतील

मुंबईतील वैद्यकीय महाविद्यालये व त्यांना जोडलेली रुग्णालये यांतील शिक्षक-डॉक्टरांना एखाद्या ठरावीक संशोधनप्रकल्पासाठी संस्थेबाहेरून मिळणारा निधी. बोलण्यात त्याला ‘ग्रँट’ म्हणतात. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या नावाशी याचा संबंध नाही. ते नाव मुंबईचे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांच्यावरून पडले.

अशा अनुदानाचा प्रारंभ कोठून धरावा, हे अनुदान कशाला म्हणायचे यावर अवलंबून आहे. ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले आणि त्याच्या रुग्णालयासाठी (जेजे) सर जमशेटजी जीजीभाई यांची देणगी होती. मात्र ही देणगी इमारत व रुग्णसेवा यांसाठी होती, संशोधनासाठी नव्हे. याच महाविद्यालयात शिकवणारे हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी मायसेटोमा (मदुरा पाय), कुष्ठरोग आणि उलटणारा ताप यांवर महत्त्वाचे काम केले. पण ते सरकारी वैद्यकीय सेवेतले पगारी अधिकारी होते. त्यांच्या कामाला आजच्या अर्थाने अनुदानित म्हणणे ओढूनताणून होईल.

१८९६ च्या प्लेगचा दाखला अधिक वजनदार आहे. जीवाणुशास्त्रज्ञ वॉल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधील तुटपुंज्या जागेत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर निवासात गेली. सरकारी पैसा येथे निश्चितपणे संशोधनावर खर्च झाला, पण तो साथीच्या बंदोबस्ताचा भाग म्हणून. अर्ज, छाननी, मंजुरी आणि हिशेब ही साखळी त्यात दिसत नाही.

ती साखळी वैद्यकीय संशोधनाला निधी देणाऱ्या इंडियन रिसर्च फंड असोसिएशनपासून सुरू होते, असे मानणे जास्त सयुक्तिक वाटते. या संस्थेच्या नियामक मंडळाची पहिली बैठक १५ नोव्हेंबर १९११ रोजी सर हारकोर्ट बटलर यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईच्या याच प्लेग प्रयोगशाळेत झाली. त्यामुळे दोन्ही मते मानणाऱ्यांना परळच्याच वास्तूपाशी यावे लागते. प्रयोगशाळेला १९२५ मध्ये हाफकिन यांचे नाव मिळाले, तर असोसिएशनचे १९४९ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेत (आयसीएमआर) रूपांतर झाले.

खासगी निधीत लेडी टाटा मेमोरियल ट्रस्टचे (१९३२) स्थान वेगळे आहे. मेहेरबाई टाटा यांचे रक्ताच्या कर्करोगाने निधन झाल्यावर सर दोराबजी टाटा यांनी तो स्थापन केला. त्याच्या उत्पन्नाचा मोठा वाटा जगभरातील ल्युकेमियाच्या संशोधनासाठी व उरलेला भारतातील संशोधनासाठी राखला गेला.

अध्यापकवर्ग : परळच्या केईएम रुग्णालय व सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाच्या (१९२६) देणगीदारांनी शिक्षक भारतीयच असावेत अशी अट घातली होती. जीवराज मेहता त्याचे पहिले अधिष्ठाता. मोठमोठे डॉक्टर येथे ‘ऑनररी’ म्हणून, म्हणजे मानद, काम करीत. सकाळी वॉर्ड आणि संध्याकाळी स्वतःचा दवाखाना. ही पद्धत संशोधनाला मारक ठरवण्याची रीत आहे, पण पुरावा तितका एकतर्फी नाही. रुस्तम जाल वकील यांचा सर्पगंधा ही वनस्पती व रक्तदाब यांवरील निबंध (१९४९) याच काळातला. ‘बॉम्बे रक्तगट’ हा दुर्मिळ रक्तगट वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये नोंदवला. महाविद्यालयाच्या स्टाफ सोसायटीने १९५५ मध्ये ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ सुरू केले. ६ ऑगस्ट १९८६ च्या टेस्ट ट्यूब बेबीच्या जन्मामागे केईएमच्या डॉ. इंदिरा हिंदुजा आणि आयसीएमआरची परळमधील प्रजननसंस्था यांचे एकत्र काम होते. शिक्षक आणि निधी देणारी यंत्रणा चालत जाण्याइतक्या जवळ असणे, हा परळचा फायदा इतर शहरांना क्वचितच मिळाला.

सद्यःस्थिती : निधीचे मुख्य स्रोत आयसीएमआर, जैवतंत्रज्ञान विभाग, त्याची वेलकम ट्रस्ट या ब्रिटिश धर्मादाय संस्थेबरोबरची ‘इंडिया अलायन्स’ (२००८ पासून) आणि २०२३ च्या कायद्याने आलेले अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान. टाटा मेमोरियल सेंटर १९६२ पासून अणुऊर्जा विभागाकडे असल्याने त्याचे अर्थकारण निराळे आहे. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी आयसीएमआरची दोन महिन्यांची विद्यार्थी-संशोधन योजना १९७९ पासून आहे. मार्गदर्शक म्हणून नाव द्यायला राजी असलेला शिक्षक गाठणे, हाच त्यातला अवघड भाग.

प्रस्ताव विभागप्रमुख, आचारसमिती (संशोधनाची नैतिक बाजू तपासणारी समिती) व अधिष्ठाता यांच्या सह्यांनी जातो. अनुदान मुख्य संशोधकाच्या, म्हणजे ‘पीआय’च्या, नावाने ओळखले जात असले तरी पैसा संस्थेच्या खात्यात येतो, आणि बहुतेक भानगडी येथेच उपजतात. जेजेसारख्या शासकीय महाविद्यालयातील प्राध्यापकाची बदली राज्यात कोठेही होऊ शकते. महापालिकेच्या शिक्षकाला केईएम, नायर, शीव व कूपर यांच्यात जावे लागते. बदलीचा आदेश निघाला की फ्रीझरमधले नमुने, कंत्राटी प्रकल्प-सहायक आणि अर्धवट भरलेल्या रुग्णनोंदी मागे राहतात. पीआय बदलण्यासाठी निधी देणाऱ्या संस्थेची परवानगी लागते, आणि ती येईपर्यंत सहायकाचा पगार कोणी काढायचा यावर लेखा विभाग बोट ठेवतो. पदोन्नतीची बातमी अभिनंदनाच्या फलकावर लागते, प्रकल्पाचे काय झाले ते फलकावर नसते.

पुढचा हप्ता मिळण्यासाठी खर्चाचे विवरण आणि उपयोगिता प्रमाणपत्र (बोलीत ‘यूसी’) द्यावे लागते. मार्चअखेर महाविद्यालयाच्या लेखा विभागात डॉक्टर दिसले, तर ते बहुधा यूसीसाठीच आलेले असतात. खर्च न झालेली रक्कम व तिच्यावरील व्याज परत करावे लागते.