अठरा पूर्ण झाल्यावर सही कुणाची? ऑटिस्टिक प्रौढांसाठी कायदेशीर पालकत्व : पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

मुलाची किंवा मुलीची अठरा वर्षं पूर्ण झाली की कायद्याच्या दृष्टीने ती व्यक्ती सज्ञान होते. ऑटिझम असला तरी यात फरक पडत नाही. त्या दिवसापासून आईवडील 'नैसर्गिक पालक' राहत नाहीत. मुलाच्या खात्यातून पैसे काढायला, त्याच्या नावावरच्या मालमत्तेचे कागद करायला किंवा त्याच्या वतीने सही करायला त्यांना आपोआप अधिकार उरत नाही. बऱ्याच घरांना हे बँकेच्या काउंटरवरच कळतं, आणि मग घाईघाईने धावाधाव सुरू होते.

यासाठीची सोय १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आहे (राष्ट्रीय न्यास म्हणजे 'नॅशनल ट्रस्ट', ही केंद्र सरकारची संस्था). ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व असलेल्या प्रौढांसाठी जिल्ह्याची स्थानिक स्तरीय समिती कायदेशीर पालक नेमू शकते, त्यासाठी न्यायालयात जावं लागत नाही. कलम १३ नुसार या समितीत किमान तीन जण असतात: जिल्हाधिकारी किंवा त्या दर्जाचा अधिकारी, न्यासाकडे नोंदणी झालेल्या संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. दर तीन महिन्यांतून एकदा तरी बैठक झाली पाहिजे, असं कायदा सांगतो. अर्ज देताना पुढची बैठक कधी आहे, हे विचारून ठेवा.

आधी ठरवा, पालकत्व हवंय का?

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ या प्रश्नाला द्यायला हवा, आणि नेमका इथेच कमी दिला जातो. 'अठरा झाली, आता पालकत्वाचं प्रमाणपत्र काढून घेऊ' असं करू नका. कायद्याचं कलम १४ समितीला दोन गोष्टी तपासायला सांगतं: या व्यक्तीला पालकाची गरज आहे का, आणि असेल तर कोणत्या कामांसाठी. घरातल्यांनी अर्जाआधी हेच दोन प्रश्न स्वतःला विचारावेत, आणि ज्याच्याबद्दल विचारायचं त्याला समोर बसवून विचारावेत.

ऑटिझमचं निदान म्हणजे निर्णयक्षमता नाही, असा अर्थ होत नाही. नोकरी करणारे, एकटे राहणारे, संसार असलेले ऑटिस्टिक प्रौढ आहेत. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचं कलम १३ स्पष्ट सांगतं की दिव्यांग व्यक्तीला मालमत्ता बाळगण्याचा, स्वतःचे आर्थिक व्यवहार सांभाळण्याचा, बँकेकडून कर्ज घेण्याचा इतरांइतकाच हक्क आहे. ज्याला फॉर्म भरताना, फोनवर बोलताना, गर्दीच्या कार्यालयात उभं राहताना अडचण येते, पण काय हवं आणि काय नको ते कळतं, त्याला सोबत हवी आहे, पालक नव्हे. एखादा भाऊ, मैत्रीण, संयुक्त खातं, ठरलेला खर्चाचा आराखडा एवढ्यावर भागत असेल तर तेवढंच ठेवा.

मधली वाटही आहे. २०१६च्या त्याच कायद्याच्या कलम १४ मध्ये 'मर्यादित पालकत्व' आहे: ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं, आणि त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार दोघांनी मिळून घ्यायचा निर्णय. एखादा मोठा मालमत्तेचा व्यवहार तेवढा अडला असेल तर हा मार्ग बघावा. तो जिल्हा न्यायालय किंवा राज्य सरकारने नेमलेल्या प्राधिकाऱ्यामार्फत जातो.

राष्ट्रीय न्यास कायद्याखालचं पालकत्व खरं उपयोगी पडतं ते ज्यांना पैशाचे, उपचारांचे, राहण्याचे निर्णय मदत देऊनही घेता येत नाहीत, त्यांच्यासाठी. अशा घरांनी मात्र 'नंतर बघू' म्हणू नये. आईवडील दोघंही धडधाकट असताना काम सोपं होतं, दोघांपैकी एक गेल्यावर तेच अवघड होऊन बसतं.

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र

हे नसेल तर पुढचं काहीच हलत नाही. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा, तपासणी जिल्हा रुग्णालयात किंवा नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात होते. त्यातून प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, मिळतं. लहानपणी मिळालेलं प्रमाणपत्र बहुधा तात्पुरतं असतं, त्यावरची मुदत तपासा. अठरानंतर ते नव्याने काढून घेतलेलं बरं.

ऑटिझमची तीव्रता मोजायला भारतात 'इसा' ही मोजपट्टी वापरली जाते. तिच्यात ४० मुद्दे आहेत, प्रत्येकाला १ ते ५ गुण. एकूण ७० ते १०६ गुण म्हणजे सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्याच्या वर तीव्र. यातले अनेक मुद्दे जवळच्या माणसाला विचारून भरले जातात. म्हणून प्रौढाबरोबर जाताना त्याचं लहानपण जवळून पाहिलेलं कुणी तरी सोबत असावं. शाळेची प्रगतिपुस्तकं, जुने थेरपीचे अहवाल, बोलणं कधी सुरू झालं याच्या नोंदी असतील तर न्या. मोठेपणी निदान झालेल्यांना याची फार गरज पडते, कारण वर्षानुवर्षं लोकांसमोर सावरून वागायची सवय झालेली असते आणि अर्ध्या तासाच्या भेटीत ताण दिसत नाही. चांगल्या दिवसाचं नव्हे, नेहमीच्या दिवसाचं वर्णन करा.

४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असेल तर बहुतेक लाभ लागू होतात. पालकत्व नको असलेल्यांनाही हे प्रमाणपत्र कामाचं आहे. सरकारी नोकऱ्यांतल्या ४ टक्के राखीव जागांपैकी १ टक्का ज्या गटासाठी आहे, त्यात ऑटिझम येतो.

अर्ज कोण करू शकतो

आईवडील दोघांनी मिळून स्वतःच पालक होण्यासाठी अर्ज करावा, हा सर्वसाधारण क्रम. मृत्यू, घटस्फोट, एकाने घर सोडून जाणं अशा कारणाने एकच जण असेल तर एकट्याला करता येतो, मात्र कारणाचा कागद जोडावा लागतो. आईवडील नसतील तर सख्खी-सावत्र भावंडं, नंतर इतर नातेवाईक. रक्ताचं, लग्नाचं किंवा दत्तक नातं, सगळं कायद्याने 'नातेवाईक' धरलं आहे, त्यामुळे मामा, आत्या, वहिनीही चालतात. कुणीच नसेल तर नोंदणीकृत संस्था पुढे येऊ शकते.

पालक होणारी व्यक्ती भारताची नागरिक असावी. ती दिवाळखोर ठरलेली, गुन्ह्यात शिक्षा झालेली, किंवा स्वतःच्या पोटासाठी दुसऱ्यावर अवलंबून असलेली नसावी. एवढं कायदा पाहतो. घरच्यांनी आणखी एक पाहावं: ज्याचं नाव देताय त्याला या माणसाचे इशारे कळतात का? तो गप्प झाला तर दमलाय की दुखतंय, हे ओळखणारी धाकटी बहीण आणि वर्षातून एकदा भेटणारा श्रीमंत काका यांत निवड करताना पैसा बाजूला ठेवा.

कागदपत्रं आणि नमुना 'अ'

अर्ज नमुना 'अ' मध्ये असतो. तो राष्ट्रीय न्यासाच्या संकेतस्थळावर मिळतो. प्रत्यक्ष चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जिल्ह्याच्या दिव्यांग कल्याणाचं काम पाहणाऱ्या कार्यालयात करावी. तिथे 'राष्ट्रीय न्यासाची स्थानिक समिती' किंवा नुसतं 'एलएलसी' म्हटलं की लवकर कळतं.

ज्याच्यासाठी अर्ज आहे त्याचं दिव्यांगत्व प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी, वयाचा पुरावा (जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला), आधार, राहण्याचा पुरावा आणि फोटो लागतात. पालक होणाऱ्याचे ओळखीचे व पत्त्याचे पुरावे, फोटो आणि त्याची लेखी संमती लागते. आईवडिलांपैकी कुणी हयात नसेल तर मृत्यूचा दाखला. अर्जावर दोन साक्षीदारांच्या सह्या असतात. भावंड अर्ज करत असेल तर बाकीच्या भावंडांची ना-हरकत पत्रं आधीच जोडा, कारण अर्ज रखडतात ते बहुतेक याच जागी. काही जिल्ह्यांत प्रतिज्ञापत्रही मागतात, त्याचा मसुदा कार्यालयातूनच घ्या. नावाचं स्पेलिंग सगळ्या कागदांवर एकच आहे ना, हे अर्ज देण्याआधी पाहा. आधारवर एक आणि दाखल्यावर दुसरं असेल तर आधी ते दुरुस्त करा.

पालकत्व कशासाठी हवं, त्या रकान्यात 'देखभालीसाठी' एवढंच लिहून सोडू नका. बँक खातं चालवणं, कुटुंब निवृत्तिवेतन, वडिलोपार्जित घरातला हिस्सा, शस्त्रक्रियेची संमती: नेमकी कामं लिहा. ज्या गोष्टी तो स्वतः ठरवतो त्याही लिहा. आपला दिवस कसा घालवायचा, कुणाला भेटायचं, खर्चायचे पैसे कशावर खर्चायचे हे त्याचं त्याच्याकडे राहील, असं अर्जात आलं तर समितीलाही चित्र स्पष्ट दिसतं. अर्जाची पोच तारखेसह घ्या.

समितीसमोर जाताना

समिती त्या व्यक्तीला भेटायला बोलावते, कधी घरी येऊनही पाहणी होते. सरकारी कार्यालयाचा व्हरांडा, घरघरणारे पंखे, ट्यूबलाइट, अनोळखी माणसं आणि किती वेळ थांबायचं ते ठाऊक नसणं, यातली एकेक गोष्ट ऑटिस्टिक माणसाला थकवणारी आहे. तेव्हा आधी लेखी विनंती द्या: पहिल्या क्रमांकावर बोलवावं, शांत खोलीत भेट व्हावी, नसेल जमत तर घरी यावं. हे मागणं म्हणजे सवलतीची याचना नाही, योग्य त्या सोयी मिळणं हा कायद्याने दिलेला हक्क आहे.

त्याला तयार करा. कार्यालयाचे फोटो दाखवा, कोण भेटेल, काय विचारतील, किती वेळ लागेल, नंतर काय करायचं हे क्रमाने लिहून किंवा चित्रांत द्या. कानावर लावायचे हेडफोन, हातातली आवडती वस्तू सोबत राहू द्या. बोलत नसेल तर टॅबलेट, चित्रफलक, अक्षरफलक, जे काही तो वापरतो ते न्यायला विसरू नका.

समितीच्या सदस्यांनाही दोन गोष्टी सांगाव्या लागतात, न संकोचता सांगा. डोळ्याला डोळा न भिडवणं म्हणजे लक्ष नाही असं नाही. आणि उत्तर यायला वेळ लागतो, तेवढा थांबायला हवं. अनेकांना ऐकलेले शेवटचे शब्द परत म्हणण्याची सवय असते. 'तुला आईबरोबर राहायचंय की मावशीबरोबर?' असं विचारलं तर 'मावशीबरोबर' येईल, पण ते उत्तर असेलच असं नाही. पर्याय उलट क्रमाने पुन्हा विचारा, किंवा दोन फोटो समोर ठेवा. त्याच्यावतीने भराभर उत्तरं देण्याचा मोह आईवडिलांना होतो, साहजिकच आहे. तरी ज्या प्रश्नाचं उत्तर त्याला देता येतं ते त्यालाच देऊ द्या.

पालकत्वाचं प्रमाणपत्र हातात आल्यावर

बँकेने अडवलं तर रिझर्व्ह बँकेचं २००७ सालचं परिपत्रक दाखवा: खातं उघडण्यासाठी आणि चालवण्यासाठी स्थानिक स्तरीय समितीचं प्रमाणपत्र बँकांनी ग्राह्य धरायचं आहे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या कुटुंब निवृत्तिवेतनासाठीही ते चालतं. आईवडील निवृत्तिवेतनधारक असतील तर ऑटिस्टिक मुलाचं नाव आपल्या हयातीतच कार्यालयात नोंदवून ठेवा.

न्यासाची 'निरामय' आरोग्य विमा योजना पालकत्व नसलं तरी घेता येते. १ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे, वयाची अट नाही, आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही, आणि बाह्यरुग्ण उपचार व थेरपीचाही त्यात समावेश आहे. दरवर्षी नूतनीकरण मात्र करावं लागतं. अठरानंतर निवासाची सोय शोधत असाल तर न्यासाच्या 'समर्थ-कम-घरौंदा' योजनेखालच्या संस्थांची चौकशी करा.

पालकावर हिशेबाची जबाबदारी येते आणि ती अनेक घरांत विसरली जाते. नेमणुकीपासून सहा महिन्यांत त्या व्यक्तीची स्थावर मालमत्ता, ठेवी, येणी-देणी यांची यादी समितीला द्यायची. त्यानंतर दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत जमाखर्च द्यायचा. आई असली तरी हे चुकत नाही. त्याच्या पैशासाठी वेगळं खातं आणि वेगळी वही ठेवली तर हे काम जड जात नाही.

पालक छळ करत असेल, दुर्लक्ष करत असेल किंवा पैसा खात असेल तर आईवडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था कलम १७ खाली समितीकडे अर्ज करू शकतात. समिती चौकशी करून त्याला हटवू शकते आणि दुसरा पालक नेमू शकते.

पालकाचा मृत्यू झाला तर पालकत्व मृत्युपत्राने पुढच्या माणसाकडे जात नाही, नवा अर्ज करावा लागतो. म्हणून पुढे कोण, हे आज बोलून ठेवा आणि त्या माणसाकडे एक फाइल द्या: प्रमाणपत्राच्या प्रती, समितीचा आदेश, विम्याचे कागद, औषधांची यादी, आणि दोन पानं या माणसाबद्दल. काय आवडतं, कशाची भीती वाटते, अस्वस्थ झाला तर काय करायचं आणि काय मुळीच करायचं नाही. ही दोन पानं शक्य असेल तर त्याच्याचकडून लिहून किंवा सांगून घ्या.