घरातील पाळीव कासव : ऊब आणि दमटपणा (खान्देश)

जमिनीवर राहणाऱ्या कासवाला घरात पुरेशी ऊब आणि हवेतला ओलावा एकाच वेळी मिळवून देण्याची व्यवस्था. कासव शीतरक्ती असल्याने त्याचे पचन, हालचाल आणि रोगप्रतिकारशक्ती भोवतालच्या तापमानावर अवलंबून असते. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे ‘आपल्याकडे एवढं ऊन, कासवाला वेगळी ऊब कशाला?’ असे सर्रास म्हटले जाते. कासवाची बरीचशी दुखणी या समजातूनच सुरू होतात.

आधी कायद्याचे. रानात सापडणारे तारा कासव वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 खाली संरक्षित आहे. 2019 पासून ते वन्य जिवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधने घालणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या पहिल्या, म्हणजे सर्वात कडक, परिशिष्टातही आहे. ‘शुभ असते’ म्हणून ते घरी आणणे हा गुन्हा ठरतो. शेतात दिसले तर उचलू नये, जखमी असल्यास वन विभागाला कळवावे. पुढील माहिती मुख्यतः आफ्रिकन सुल्काटासारख्या परदेशी जातीच्या पिल्लांसाठी आहे. अशा प्राण्यांची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते.

खान्देशात एप्रिल-मेमध्ये पारा 45 अंशांपर्यंत जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याकडे रात्री तो 10 अंशांखाली उतरतो. पिल्लाला दिवसा उन्हं खाण्याच्या जागी 32 ते 35 अंश, सावलीच्या टोकाला 26-28 अंश लागतात; पिंजऱ्याला अशी दोन टोके हवीतच, म्हणजे ते आपल्या गरजेप्रमाणे जागा बदलते. काचेच्या खिडकीतून येणारे ऊन ऊब देते, पण त्यातले यूव्हीबी (अतिनील) किरण काच अडवते. त्यांच्याविना ड-3 जीवनसत्त्व तयार होत नाही आणि कवच मऊ पडते. म्हणून यूव्हीबी दिवा वेगळा लावावा लागतो. रात्रीच्या उबेसाठी प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटला (ठरलेल्या तापमानाला आपोआप बंद-चालू करणाऱ्या यंत्राला) जोडून वापरतात.

खरी अडचण ओलाव्याची आहे. 10 अंशांची, 60 टक्के आर्द्रतेची हवा 30 अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता 17-18 टक्क्यांवर येते. म्हणजे हिवाळ्यात नुसता दिवा लावून आपणच पिंजरा कोरडा करत असतो. 2003 साली व्हिएन्नाच्या संशोधकांनी सुल्काटाची पिल्ले वेगवेगळ्या आर्द्रतेत वाढवली. कोरड्या हवेतल्यांच्या कवचावर जास्त उंचवटे आले. आहारातल्या प्रथिनांचा परिणाम त्यामानाने किरकोळ होता. हे उंचवटे पुढे सपाट होत नाहीत. सुल्काटा वाळवंटाच्या कडेचा प्राणी खरा, पण त्याचा बराच वेळ बिळात जातो आणि बिळातली हवा दमट असते.

यासाठी जाळीचा उघडा पिंजरा टाळून वरून बराचसा झाकलेला पेटारा घ्यावा. त्यात रोपवाटिकेत मिळणारे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) चार-पाच बोटे जाड पसरावे. पाणी वरून न शिंपडता कोपऱ्यातून ओतावे. मग खालचा थर ओला आणि वरचा जवळजवळ कोरडा राहतो. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण पाणी ठिबकू नये, एवढीच ओल ठेवावी. सतत ओल्यात बसल्यास पोटाकडचे कवच कुजते. लपायला आडवा ठेवलेला फुटका माठ मे महिन्यात उत्तम. मात्र ओला माठ पाझरून थंड होतो, म्हणून थंडीत त्याऐवजी दार कापलेला प्लॅस्टिकचा डबा, आत भिजवून पिळलेले शेवाळ (मॉस) घालून, उबेच्या बाजूला ठेवावा. केळीबागायतदार बागेभोवती शेवरी किंवा गजराज गवत लावून उन्हाळ्यातली लू आणि हिवाळ्यातला गार वारा दोन्ही अडवतात, तोच विचार इथेही लागू आहे.

कूलर हे खान्देशातल्या घराचे उन्हाळ्यातले यंत्र. त्याने खोली दमट होते, पण झोत थेट पिंजऱ्यावर येऊ देऊ नये. ओलावा आणि गारठा एकत्र आले की फुप्फुसाचा संसर्ग होतो. उलट, मेच्या दुपारी पत्र्याखालच्या खोलीत ठेवलेले पिल्लू तापून दगावू शकते. तेव्हा दिवा बंदच ठेवावा. निर्णय अंदाजाने घेऊ नये. तापमान आणि आर्द्रता दाखवणारे डिजिटल मीटर कासवाच्या पाठीच्या उंचीवर लावावे, भिंतीवर नव्हे. थंडीत रात्री वीज गेली तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पेटाऱ्यात ठेवावी आणि वरून गोधडी टाकावी, हवेला फट ठेवून.

नाकाला बुडबुडे येणे, तोंड उघडून श्वास घेणे, खाणे सोडणे किंवा डोळे मिटून राहणे दिसल्यास पिल्लाला कोमट पाण्यात बसवत दिवस काढू नयेत. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे लगेच न्यावे.