बॅकअप (वैयक्तिक फायली व छायाचित्रे)

संगणक किंवा मोबाइलमधील फायली, छायाचित्रे व व्हिडिओ यांची मूळ साठ्यापासून वेगळी, जादा प्रत जपून ठेवण्याची पद्धत. मूळ फाइल गेली तर या प्रतीवरून ती परत मिळवता येते. त्या क्रियेला ‘रिस्टोअर’ म्हणतात. फोनमधले फोटो पोर्टेबल हार्ड डिस्कवर घेऊन फोनमधून पुसून टाकले, तर बॅकअप झाला असे नाही. प्रत पुन्हा एकच उरते, फक्त तिची जागा बदलते.

हार्ड डिस्कमध्ये वेगाने फिरणाऱ्या तबकड्या असतात, त्यामुळे धक्का बसला की ती बिघडू शकते. एसएसडीत, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, हलणारे भाग नसतात. पण तीही अचानक बंद पडते आणि वर्षानुवर्षे विजेविना पडून राहिल्यास तिच्यातील माहिती धरून ठेवणारा विद्युतभार ओसरू शकतो. याशिवाय चोरी, आग, पाणी आणि चुकून दाबलेले डिलीटचे बटण आहेच. रॅन्समवेअर तर फायली कुलूपबंद करून खंडणी मागते. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या रॅन्समवेअरने जगभर हेच केले. अशा वेळी संगणकाला कायम जोडून ठेवलेली बॅकअपची डिस्कही त्याच तडाख्यात सापडते. म्हणून काम झाले की ती काढून ठेवावी.

सर्वांत जास्त गफलत होते ती सिंक आणि बॅकअप यांत. सिंक सर्व उपकरणांवर एकसारखी स्थिती राखते, म्हणजे पुसणेही सगळीकडे पोहोचवते. फोन भरला म्हणून ‘गूगल फोटोज’मधून एखादा फोटो डिलीट केला, की तो क्लाउडमधूनही, म्हणजे इंटरनेटवरील साठ्यातूनही, जातो. बॅकअप झालेला फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो, नंतर कायमचा नाहीसा होतो. फक्त फोनमधली जागा मोकळी करण्याचा पर्याय त्याच अॅपमध्ये निराळा असतो.

छायाचित्रकार पीटर क्रोघ यांच्या नावाने ओळखला जाणारा ३-२-१ नियम आजही प्रमाण मानला जातो: मूळ धरून तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. घरगुती वापरात माध्यमांच्या अटीत थोडी सूट चालेल. दुसऱ्या ठिकाणच्या प्रतीत मात्र नाही. ती जागा क्लाउडने भरून निघते, पण एकट्या क्लाउडवर विसंबणे धोक्याचे. सर्व्हर बदलताना ‘मायस्पेस’ या समाजमाध्यमावरील २०१५ व त्याआधीची असंख्य गाणी, फोटो आणि व्हिडिओ गमावले गेल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. फोटो मेसेजिंग अॅपवर स्वतःलाच पाठवून ठेवणे हाही कच्चाच उपाय. त्यात फोटोचा दर्जा बहुधा घटतो आणि कधी, कुठे काढला ही नोंदही अनेकदा पुसली जाते.

हाताने केलेला बॅकअप हळूहळू मागे पडतो, म्हणून स्वयंचलित सोय बरी. मॅकवर २००७ पासून ‘टाइम मशीन’ आहे, तर विंडोज ८ बरोबर ‘फाइल हिस्टरी’ आली. पहिल्या पूर्ण प्रतीनंतर अशी साधने केवळ बदललेल्या फायली उचलतात व जुन्या आवृत्त्याही ठेवतात. त्यामुळे महिन्यापूर्वी बिघडलेली आणि आज लक्षात आलेली फाइलही सापडू शकते.

तरीही बॅकअप खरोखर होतो आहे की नाही, हे रिस्टोअर केल्याखेरीज कळत नाही. जानेवारी २०१७ मध्ये ‘गिटलॅब’ या कंपनीत मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा नेहमीचा बॅकअप गुपचूप बंद पडलेला आढळला; सुमारे सहा तासांपूर्वीच्या प्रतीवर भागवावे लागले. घरी यासाठी अधूनमधून चार-दोन जुने फोटो बॅकअपमधून दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिले तरी पुरते. प्रत एन्क्रिप्ट (पासवर्डशिवाय वाचता न येणारी) केली असेल, तर तिचा पासवर्ड त्या संगणकाबाहेर कुठेतरी लिहिलेला हवा.