कॅटाटोनिया

कॅटाटोनिया हा हालचाल, वाणी आणि कृतीची इच्छा या तिन्हींना एकाच वेळी जखडून टाकणारा मेंदू व मनाचा विकार आहे. रुग्ण जागा असतो, भोवतालचे बोलणे पुष्कळदा त्याला कळतही असते. पण तो उत्तर देत नाही, घास गिळत नाही आणि कुणी त्याचा हात वर उचलून सोडला, तर तो हात तसाच अधांतरी राहतो. सांधा वाकवताना मऊ मेण वाकवल्यासारखा सौम्य, एकसारखा विरोध जाणवतो. काही रुग्ण समोरच्याचे शब्द किंवा हातवारे जसेच्या तसे परत करतात, काही प्रत्येक सूचनेच्या उलट वागतात. याउलट काहींमध्ये निष्कारण, न थांबणारी हालचाल दिसते. ताठरलेले शरीर तेवढेच कॅटाटोनिया असे समजल्याने हा प्रकार नजरेतून निसटतो.

जर्मन मनोविकारतज्ज्ञ कार्ल लुडविग कालबाउम यांनी १८७४ मध्ये या विकाराचे वर्णन करून त्याला हे नाव दिले. पुढे क्रेपेलिन आणि ब्लॉयलर या मनोविकारतज्ज्ञांनी तो आज स्किझोफ्रेनिया म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आजारात गणला आणि विसाव्या शतकाचा बहुतेक काळ ती समजूत टिकली. त्यात रुग्णांचे मोठे नुकसान झाले, कारण नैराश्य आणि द्विध्रुवीय विकार (ज्यात उन्माद आणि नैराश्य यांचे झटके येतात) यांतही कॅटाटोनिया वारंवार आढळतो. मनोविकारांच्या २०१३ च्या अमेरिकन वर्गीकरणाने १२ लक्षणांपैकी किमान ३ असल्यास निदान मान्य केले, तर आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत त्याला स्वतंत्र स्थान मिळाले. मेंदूचा स्वप्रतिकारक दाह (शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच मेंदूवर केलेला हल्ला), अपस्मार, शरीरात तांबे साठत जाणारा विल्सनचा आजार किंवा झोपेच्या गोळ्या एकाएकी बंद करणे हीसुद्धा कारणे असू शकतात. म्हणून रक्ततपासणी, मेंदूचा आलेख (ईईजी) आणि गरजेनुसार एमआरआय व पाठीतील पाण्याची तपासणी करावी लागते.

नागपुरात अशा रुग्णांवर उपचारांची सोय छिंदवाडा मार्गावरील जुन्या प्रादेशिक मनोरुग्णालयात आहे, तशीच मेडिकल आणि मेयो ही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये व मिहान भागातील एम्स यांच्या मनोविकार विभागांतही आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीप्रमाणेच मध्य प्रदेशातील छिंदवाडा आणि बालाघाट येथूनही रुग्ण या शहरात येतात. घरच्यांना आधी 'बाहेरची हवा लागली' किंवा 'हट्टाने बोलत नाही' असे वाटले, की अंगारे-धुपाऱ्यात दिवस जातात, आणि तेवढ्या दिवसांत न खाणाऱ्या-पिणाऱ्या शरीराचे पाणी आटते, पायांतील शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात, पाठीला जखमा पडतात. पारा ४५ अंशांच्या आसपास जाणाऱ्या नागपूरच्या मे महिन्यात हे फार वेगाने घडते. विकाराच्या घातक प्रकारात तीव्र ताप, घाम, अस्थिर रक्तदाब आणि ताठरलेले स्नायू दिसतात. उन्हाळ्यात तो उष्माघात समजला जाण्याची शक्यता असते. अशा रुग्णाला अतिदक्षता विभाग जवळ असलेल्या सर्वसाधारण रुग्णालयात नेणेच योग्य.

उपचाराची सुरुवात लोराझेपाम या शामक औषधाने होते. शिरेतून १ ते २ मिलिग्रॅम दिल्यावर कित्येक रुग्ण ५-१० मिनिटांत डोळे हलवतात, पाणी मागतात, नाव सांगतात. निदानाला बळकटी देणारी याहून झटपट चाचणी मनोविकारशास्त्रात क्वचितच असेल. नंतर श्वसनावर लक्ष ठेवून मात्रा वाढवली जाते. ती काही वेळा दिवसाला ८ ते २४ मिलिग्रॅमपर्यंतही जाते. मनोविकाराची नेहमीची प्रतिमानसविकारी (भास-भ्रम कमी करणारी) औषधे, म्हणजे हॅलोपेरिडॉलसारखी, या अवस्थेत दिल्यास प्रकृती बिघडू शकते, ही गोष्ट आकस्मिक विभागातही माहीत असणे अत्यावश्यक आहे.

लोराझेपामने फरक पडला नाही किंवा जीव धोक्यात असेल, तर विद्युत उपचार, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेला 'शॉक', हा सर्वांत परिणामकारक उपाय होय. चित्रपटांनी त्याची जी भीती घातली, तिच्यामुळे नातेवाईक संमती द्यायला कचरतात. प्रत्यक्षात रुग्णाला भूल दिली जाते आणि स्नायू शिथिल केले जातात. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने त्यांवाचून हा उपचार करण्यास मनाई केली आहे, आणि अल्पवयीन रुग्णासाठी पालकाच्या संमतीसोबत या कायद्याखालील मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची पूर्वपरवानगीही लागते. औषधोपचार चालू असताना नळीवाटे अन्न, वारंवार कूस बदलणे आणि गुठळ्या टाळणारे इंजेक्शन ही शुश्रूषा तितकीच महत्त्वाची असते. रुग्ण बोलू लागला म्हणून लोराझेपाम लगेच थांबवत नाहीत. मूळ आजारावरील उपचार स्थिरावेपर्यंत ते चालू ठेवून मग मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करतात.