घोड्याला बिननाल चालीची सवय लावणे

नाल ठोकलेल्या घोड्याची नाल कायमची काढून त्याला उघड्या खुरांवर चालण्याजोगा करण्याची पद्धत. नाल उतरवण्याचे काम अर्ध्या तासाचे. खूर तयार व्हायला मात्र नऊ महिने ते एक वर्ष लागते. खान्देशात वरातीची घोडी आणि टांग्याचे घोडे डांबर-सिमेंटवर चालतात, म्हणून नाल ठोकण्याची रीत आहे. शहादा तालुक्यातील सारंगखेड्याला, तापीकाठी दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथून आणलेले जनावर शेतावर किंवा रपेटीसाठीच ठेवायचे असेल, तर नालेचा प्रश्न पहिल्याच आठवड्यात उभा राहतो.

खूर वरच्या केसाळ कडेपासून खाली वाढतो, महिन्याला साधारण 6 ते 10 मिमी. म्हणजे पुढच्या टोकाची भिंत (खुराचे बाहेरचे कठीण कवच) पूर्ण नवी व्हायला 9 ते 12 महिने लागतात. टाचा बुटक्या असल्याने त्या निम्म्या वेळात नव्या होतात. नाल असताना बहुतेक भार भिंतीच्या कडेवर येतो. तळवा आणि मागच्या बाजूची त्रिकोणी, रबरासारखी गादी (पशुवैद्य तिला फ्रॉग म्हणतात) जमिनीला नीट टेकत नाही. बरीच वर्षे नाल राहिली की ही गादी आक्रसते, टाचा एकमेकींजवळ येतात आणि तळवा पातळ राहतो. असा घोडा नाल काढताच खडीवर अडखळतो. त्याला नाठाळ समजून टाच मारणे किंवा चाबूक दाखवणे हा अन्याय आहे. त्याचा तळवा खरोखर दुखत असतो.

इथल्या जमिनीचा विचार करता मार्गशीर्ष-पौष हा काळ सर्वांत सोयीचा. पावसाळ्यात काळी चिकण माती खुरात गच्च बसते आणि ओलसर खूर मऊ पडून लवकर झिजतो. चैत्र-वैशाखात तीच जमीन भेगाळते, ढेकळे दगडासारखी होतात. थंडीत नाल काढली तर मृग लागेपर्यंत टोकाची साधारण निम्मी भिंत नवी झालेली असते.

नाल काढताना भिंतीवर वाकवलेली खिळ्यांची टोके आधी कानशीने घासून टाकावीत. मग पकड टाचेकडून घालून नाल टोकाच्या दिशेने थोडी थोडी सैल करावी, जमल्यास खिळे एकेक करून उपसावेत. घाईने पिरगाळले की भिंतीचा तुकडाच निघतो. तळवा आणि गादी कोरू नयेत, फक्त लोंबणारी चिरफळी काढावी. नालबंदाला हे आधीच सांगून ठेवावे, कारण नाल बसवण्यासाठी तळ सपाट तासण्याची त्याच्या हाताला सवय असते. इथे पाय उचलून धरल्यावर तळव्याच्या वर पाव इंचापर्यंत भिंत राखायची असते. तिची बाहेरची कड कानशीने गोल करावी; धारदार राहिली तर दोन दिवसांत टवके उडतात. जुन्या खिळ्यांच्या भोकांपाशी थोडे टवके उडणारच. ती भोके खाली सरकून कापली जाईपर्यंत घाबरू नये. पुढे दर 4 ते 6 आठवड्यांनी कानस फिरवावी.

पहिले दोन आठवडे स्वारी नाही. घोडा बांधायच्या जागी कोरडी वाळू किंवा बारीक माती पसरावी आणि रोज सकाळ-संध्याकाळ 10-15 मिनिटे मऊ पांदणीतून मोहरकीने चालवावे. चाल मोकळी राहिली तर दर आठवड्याला पाच-दहा मिनिटे वाढवत न्यावे. क्रम असा: तापीकाठची वाळू, मग बसलेला मुरूम, मग थोडा डांबरी रस्ता, खडी सर्वांत शेवटी. सपाट डांबर खडीपेक्षा सोपे जाते, याचे नवख्यांना आश्चर्य वाटते. पण तळव्याला सपाट पृष्ठ बोचत नाही, सुटा खडा बोचतो.

प्रगती पाहायची तर घोडा कडेने चालवत न्यावा आणि पुढचा पाय टेकताना खाली वाकून बघावे. आधी टोक टेकत असेल तर टाच अजून दुखते आहे. आधी टाच टेकू लागली की मागची गादी कामाला लागली. पाऊल आखूड पडणे, वळताना कचरणे, खूर गरम लागणे, खुरावरच्या सांध्यामागे बोट ठेवल्यावर नाडी जोरात उडणे, यांपैकी काहीही दिसले तर एक पायरी मागे यावे. शरीराचा साधारण 60 टक्के भार पुढच्या पायांवर असतो. म्हणून खडीवर काम टळतच नसेल तर निदान पुढच्या दोन पायांना मापाचे खुराचे बूट घालावेत आणि काम संपताच काढावेत.

बिघाड पुष्कळदा चंदीतून, म्हणजे दाण्याच्या खुराकातून येतो. बाजरी, भिजवलेला हरभरा आणि वर गूळ असा खुराक बसून असलेल्या घोड्याला मिळाला, तर पिष्ट आणि साखर जास्त होऊन खुराच्या आतील पडद्यांना सूज येते. याला लॅमिनायटिस म्हणतात. घोडा पुढचे पाय लांब टाकून भार मागे घेतो. हे दिसताच चालवणे बंद करून त्याच दिवशी पशुवैद्य बोलवावा. नाल काढण्याच्या काळात गूळ बंद, चंदी कमी आणि वाळला चारा भरपूर, हेच बरे. बायोटिन (खुरासाठी देतात ते जीवनसत्त्व) रोज 15 ते 20 मिग्रॅ दिले तरी त्याचा गुण नव्या वाढीतच, काही महिन्यांनी दिसतो.

गादीच्या खाचेत काळा, घाण वासाचा स्राव दिसला तर ती कुज आहे. खाच ब्रशने साफ करून, कोरडी करून, लिटरभर पाण्यात 20 ते 50 ग्रॅम मोरचूद घालून त्यात भिजवलेला कापूस फिरवावा. घोड्याला ते पाणी चाटू देऊ नये. जळके इंजिन ऑइल खुराला चोळू नये. त्याने कातडीचा दाह होतो. घोडा एकाएकी एक पाय टेकेनासा झाला तर बहुधा तळव्यात पू झाला आहे किंवा काटा-खिळा घुसला आहे. घुसलेला खिळा घरी उपसू नये. तो किती खोल आणि कुठल्या दिशेने गेला हे पशुवैद्याने आधी पाहावे. धनुर्वाताला घोडा फार लवकर बळी पडतो, म्हणून नाल काढण्याआधीच लस झालेली असावी.

लग्नसराईत रात्ररात्र डांबरावर नाचणारी घोडी बिननाल करू नये. झीज वाढीपेक्षा जास्त होते. तुळशीच्या लग्नापासून सुरू होणारा हंगाम एक वर्ष सोडायची मालकाची तयारी असेल, तरच तिची नाल काढावी.