सत्तरीतला पहिला मुतखडा, की फुटू लागलेली महाधमनी?

सत्तरीच्या आजोबांच्या डाव्या कुशीत एकाएकी कळ उठते, जांघेपर्यंत उतरते, दरदरून घाम फुटतो, उलटी होते. घरचे म्हणतात मुतखडा. कॅज्युअल्टीतला डॉक्टरही अनेकदा तेच म्हणतो. पण हुबेहूब असाच सुरू होणारा दुसरा आजार तासा-दोन तासांत जीव घेऊ शकतो. तो म्हणजे पोटातल्या महाधमनीचा फुगवटा फुटणं.

ही धमनी हृदयाकडून कण्याला लागून खाली येते. पोटात तिची रुंदी साधारण २ सेंमी असते. ३ सेंमी झाली की तो फुगवटा धरतात, आणि पुरुषांत ५.५ सेंमीला शस्त्रक्रियेचा विचार होतो. सायकलच्या जुन्या ट्यूबला फुगा यावा तसा तो वर्षानुवर्षं वाढतो आणि बहुधा काहीच त्रास देत नाही. पासष्टी ओलांडलेले पुरुष, विडी-सिगारेट ओढणारे किंवा पूर्वी ओढलेले, रक्तदाबाचे रुग्ण, वडिलांना वा भावाला हाच आजार असलेले, यांना धोका जास्त. ब्रिटनमध्ये पुरुषांना ६५व्या वर्षी याच्या सोनोग्राफीसाठी बोलावतात. आपल्याकडे तशी पद्धत नाही, त्यामुळे फुगवटा बऱ्याचदा दुसऱ्याच कुठल्या तपासणीत सापडतो, नाहीतर फुटल्यावर.

मुतखड्याची कळ सहसा चढते-उतरते आणि माणूस तळमळतो. कुठल्याच कुशीवर चैन पडत नाही. खड्यांचा त्रास बहुतेकांना तिशी-चाळिशीतच ओळख देऊन गेलेला असतो. म्हणून ज्याला आयुष्यात कधी खडा झाला नाही, त्याला सत्तरीत पहिल्यांदाच झाला असं ऐकलं की माझे कान टवकारतात. महाधमनीचं दुखणं बहुधा सलग असतं आणि पाठीत भिनतं. मात्र एवढ्यावर निवाडा करू नये, कारण फुगवट्याचे रुग्णही तळमळतात.

चक्कर आली असेल तर तिकडे मात्र कधीच दुर्लक्ष करू नये. धमनीतून निसटलेलं रक्त अनेकदा पोटाच्या आवरणामागे, मूत्रपिंडाच्या आसपास साठतं. म्हणूनच तर दुखणं कुशीत आणि जांघेत जाणवतं. तिथे जागा कमी असल्याने रक्तस्राव थोडा वेळ आपोआप दबतो. आजोबा बाथरूमजवळ कोसळतात, पाच मिनिटांत उठून बसतात, चहाही मागतात. हे बरं होणं नव्हे. पुढचा स्राव मोकळ्या पोटात झाला की फार थोडा अवधी उरतो.

तपासण्याही चकवतात. लघवीत रक्त दिसलं म्हणजे खडाच असं नाही. फुगवट्याच्या रुग्णांतही ते सापडतं. सोनोग्राफीत मूत्रपिंडात ५ मिमीचा खडा दिसला तरी तो वर्षानुवर्षं गप्प बसलेला असू शकतो, आज दुखणारा तोच असेल असं नाही. रक्तदाब ११० आला म्हणून हायसं वाटतं, पण ज्यांचा नेहमीचा १६० असतो त्यांच्यासाठी ११० कमीच. नाडी मंद ठेवणारी मेटोप्रोलोलसारखी गोळी चालू असेल तर रक्तस्राव होऊनही नाडी धावत नाही. पोटात धडधडणारी गाठ लागली तर शंका पक्की होते, पण सुटलेल्या पोटात ती हाताला लागेलच असं नाही.

या आजाराचं सोंगही एकच, मुतखड्याचं, नाही. १९४८ साली आइन्स्टाइनच्या पोटात हा फुगवटा सापडला आणि रुडॉल्फ निसेन या शल्यविशारदाने धमनीभोवती सेलोफेन गुंडाळलं. एप्रिल १९५५मध्ये तो फुटला, तेव्हा दुखणं आधी पित्ताशयाचं वाटलं होतं. आइन्स्टाइनने शस्त्रक्रिया नाकारली.

निवाडा सोपा आहे. खाटेजवळच्या सोनोग्राफीत महाधमनीची रुंदी दोन-चार मिनिटांत मोजता येते. गॅसमुळे नीट दिसलं नाही किंवा फुगवटा दिसला आणि रुग्ण स्थिर असेल, तर शिरेतून औषध देऊन सीटी. रुग्ण खचत असेल तर सीटीची वाट न पाहता थेट शस्त्रक्रियेकडे. वेदनाशामक जरूर द्यावं, त्याने निदान लपत नाही. सलाइनच्या बाटल्या मात्र धडाधड चढवू नयेत. दाब वाढला की दबलेला स्राव पुन्हा सुरू होतो.

मुतखडाही कधीकधी गरीब नसतो. अडलेल्या खड्यामागे जंतुसंसर्ग झाला तर तातडीने लघवीला वाट करून द्यावी लागते, आणि वृद्धांत ताप येईलच असं नाही.

तेव्हा घरी कुळथाचं कढण करत बसू नका, १०८ला फोन करा. कॅज्युअल्टीत पोहोचताच चक्कर आली होती का, धूम्रपान, नेहमीचा रक्तदाब आणि चालू गोळ्या हे आपणहून सांगा, आणि सोनोग्राफी करणाऱ्याला महाधमनीही मोजायला सांगा.