ऑनलाइन विधानसभेच्या उमेदवाराला प्रश्न विचारायचाय? कोण विचारू शकतं, काय लागतं, कसं विचारायचं

खऱ्या विधानसभा निवडणुकीत उमेदवाराने मतदाराच्या प्रश्नाला उत्तर दिलंच पाहिजे असा नियम नाही. प्रचाराला येतात, हात जोडतात, आपण तोंड उघडेपर्यंत ते वरच्या मजल्यावर पोचलेले असतात. म्हणून मुंबईतली आम्ही काही मुलं मिळून जी ऑनलाइन अभिरूप विधानसभा, म्हणजे खऱ्या विधानसभेची नक्कल, चालवतो तिथे प्रश्नफेरी सक्तीची ठेवलीय. दर निवडणुकीला तेच तेच मेसेज येतात, म्हणून यावेळी सगळं एकदाच लिहून ठेवतेय.

प्रश्न विचारायला आमच्या मतदार यादीत नाव पाहिजे, बस. यादी अर्जांच्या छाननीच्या दिवशी रात्री 12 ला बंद होते, नंतर आलेल्यांना वाचता येईल पण विचारता येणार नाही, कारण आदल्या रात्री मित्रांची फौज आणून एकाच उमेदवाराला घेरायचा प्रकार आमच्याकडे झालेला आहे. कागदपत्रं म्हणाल तर फक्त आमच्या यादीतला तुमचा मतदार क्रमांक. आधार, पॅन, फोन नंबर यातलं काहीही कोणी मागितलं तर देऊ नका आणि लगेच निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला कळवा.

उमेदवाराला मात्र जास्त लागतं. नामनिर्देशन अर्ज, सूचक (म्हणजे नाव सुचवणारे मतदार) आणि घोषणापत्र (जाहीरनामा नाही, स्वतःबद्दलची लेखी माहिती). खऱ्या निवडणुकीत वय 25 पूर्ण लागतं, मान्यताप्राप्त पक्षवाल्याला 1 सूचक आणि अपक्षाला 10, आपल्याकडे वय 18 आणि अपक्षाला 3 सूचक. अनामत रक्कम नाही.

आता घोषणापत्राकडे नीट बघा, कारण प्रश्न तिथूनच निघतात. खरा उमेदवार नमुना 26 मध्ये शपथपत्र देतो, मालमत्ता, कर्ज, गुन्हे, शिक्षण सगळं त्यात येतं, आणि रकाना कोरा सोडता येत नाही हे सुप्रीम कोर्टाने 2013 मध्ये स्पष्ट केलंय. आपल्याकडे कोणाची मालमत्ता विचारत नाही, तीन गोष्टी विचारतो: मागच्या सभागृहातली हजेरी, कुठल्या विधेयकावर काय मत दिलं, आणि दुसरं अकाउंट आहे का. कोरा रकाना इथेही चालत नाही, ‘नाही’ असेल तर ‘नाही’ लिहायचं.

मागच्या वेळी एकाने प्रचारात लिहिलं होतं की भाडेकरूंचा प्रश्न माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा. कुर्ल्याच्या एका मुलीने त्याचं घोषणापत्र उघडलं तर पुनर्विकासाच्या विधेयकावर मतदान होतं त्याच दिवशी हा गैरहजर. तिने एवढंच विचारलं, ‘त्या दिवशी कुठे होतास, आणि असतास तर मत कुठे टाकलं असतंस?’ तो ट्रेनमध्ये होता, माइक चालू, मागून ‘पुढील स्टेशन घाटकोपर’ ऐकू आलं, मग हळूच म्हणाला की पक्षाने येऊ नको सांगितलेलं. मला तो अजूनही आमच्याकडचा सगळ्यात चांगला प्रश्न वाटतो, कारण त्याला पळवाटच नव्हती.

‘मुंबईसाठी काय करणार’ असलं विचारू नका, सगळे एकच उत्तर देतात. आणि आमदाराच्या हातात काय असतं ते बघून विचारा. गल्लीतलं गटार पालिकेचं, त्याला 227 नगरसेवक आहेत, लोकलचं वेळापत्रक रेल्वेचं, म्हणजे केंद्राचं. भाडे कायदा, म्हाडा, पोलीस हे राज्याचं, इथे धरा.

पद्धत खऱ्या सभागृहासारखीच ठेवलीय. तारांकित प्रश्नाला तोंडी उत्तर, त्यावर 1 उपप्रश्न. अतारांकितला लेखी उत्तर, 48 तासांत. एका मतदाराला दोन्ही मिळून 2 प्रश्न. तोंडी फेरी रात्री 10 ला असते, लोकं घरी पोचून जेवलेली असतात तोवर. लेखी उत्तर एकदा टाकलं की बदलता येत नाही, वेळेत आलं नाही तर मतपत्रिकेवर उमेदवाराच्या नावापुढे ‘उत्तर दिले नाही’ असं लागतं आणि ते मतदान संपेपर्यंत काढत नाही.

उत्तर आणि घोषणापत्र जुळत नसेल तर 24 तासांत हरकत घ्या. हरकतीत घोषणापत्रातला रकाना आणि उत्तराची लिंक दोन्ही द्या, नुसतं ‘हा खोटं बोलतोय’ लिहिलेली हरकत घेतली जात नाही.